दोष सापडल्याशिवाय नाही

बाईंनी एखादी वस्तू सुलटी धरून पाहिली असं मला आठवत नाही. जॅकेट असो, पिशवी असो, कुणी हौसेने आणलेलं झबलं असो, हातात आलं की आधी उलटं. शिवणीवरून अंगठा फिरवायचा, डोळे बारीक करायचे आणि समोरच्याचा चेहरा पडेपर्यंत काही बोलायचं नाही. बारशाला गेल्या तरी हेच. एका बाळंतिणीला त्या म्हणाल्या होत्या, "काखेत उसवणार हे. बाळ मात्र गोड आहे." बाळाच्या आजीने त्यांना पुन्हा कशाला बोलावलं नाही.

नाशिकजवळ अंबडच्या एका कंपनीत त्या मालतपासणीला होत्या. पंपांना लागणारी रबराची सीलं तिथे बनत. पाणी कुठून गळतं हे शोधणं हे त्यांचं आठ तासांचं काम, आणि उरलेल्या वेळातही त्या दुसरं फारसं काही करत नसत. रविवारी आम्हा मुलींना डोंगरावर नेत. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. नाशकात तेव्हा डोंगर चढणाऱ्या पोरांचे दोन-तीन ग्रुप होते, फक्त मुलींचा बाईंचा एकच. ताई म्हटलेलं त्यांना खपत नसे. "ताई म्हटलं की लाड आले. बाई म्हणा." आम्ही बाई म्हणायचो, आणि लाड कुणाचेच झाले नाहीत.

मी त्यांच्याशी एकदाच खोटं बोलले. ते खोटं एका जॅकेटबद्दल होतं आणि त्याची किंमत त्यांनी दिली, मी नाही. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांच्या गमती सांगायला लागले तर कुणी मला फार प्रेमळ समजू नये.

बाई जॅकेटला जॅकेट म्हणत नसत, टरफल म्हणत. रेनकोट वेगळा, स्वेटर वेगळा आणि टरफल वेगळं, शेंगेला असतं तसं. त्यात ऊब शोधायची नाही, ऊब आतल्या लोकरीची. टरफलाने पाऊस आणि वारा बाहेर ठेवायचा आणि आतला घाम बाहेर जाऊ द्यायचा. हे सगळं एकाच कापडाने करायचं, पाच-सात पावसाळे करायचं, आणि करवंदीच्या जाळीत फाटायचं नाही. असं कापड तेव्हा नाशकात सहसा मिळत नसे. मिळालंच तर पुरुषांच्या मापात मिळे.

बाईंचा सगळा राग या मापावर होता. तरुणपणी त्या पुरुषांच्या ग्रुपबरोबर जात, अंगावर प्लास्टिकचा कागद नाहीतर भावाचा रेनकोट. दर वेळी कुणीतरी म्हणे, बायका बरोबर असल्या की लवकर उतरावं लागतं. "बाई थकली म्हणून परत आली असं सगळे सांगतात," त्या म्हणायच्या. "बाई भिजली म्हणून परत आली असं एक माणूस सांगत नाही." हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की आम्ही त्यांच्या मागे नक्कल करायचो. नक्कल मी सगळ्यांत चांगली करत असे.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या आम्हाला घेऊन मेनरोडला जात. तिथला एक दुकानदार त्यांना लांबून बघितलं की गल्ला सोडून आतल्या खोलीत जाई. एकदा तो सापडला. त्याने बायकांसाठी म्हणून गुलाबी, पातळ, कमरेला इलॅस्टिक असलेलं काहीतरी काढून दाखवलं.

"लेडीजमध्ये हेच चालतं मॅडम. फॅन्सी आहे."

"पाऊस पण फॅन्सी पडतो का?"

"मग जेंट्सचं स्मॉल न्या ना. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो हे दाखवायला बाईंनी मला पुढे ओढलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि कुणी बघितलं तरी लाजायचे. पुरुषांचं स्मॉल माझ्या अंगावर चढवण्यात आलं. खांदे दंडावर ओघळले, बाह्यांत बोटं हरवली, आणि खाली चेन लावायला गेले तर कमरेखाली कापड पुरेना. "हात वर कर." केले, तर मागचं कापड सरकून कंबर उघडी पडली. "पाय त्या स्टुलावर ठेव." गुडघा वर येईना. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चारही पुरुष, आणि चौघेही मन लावून बघत होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र दुकानदाराला शिकवत होत्या, "इथून वारा शिरतो, इथून पाणी शिरतं, आणि इथे पाय अडकून पोरगी पडते. टोपी बघा. तिने मान वळवली तरी टोपी आपली समोरच. आता सांगा काय फरक पडतो."

"मॅडम, तुम्ही बसा, चहा घ्या," दुकानदार म्हणाला.

बाईंनी चहा घेतला. कप आधी उजेडात धरून बघितला, मग घेतला. जॅकेट काही घेतलं नाही.

त्यांचा एक नियम होता आणि तो कंपनीतून आलेला होता. वस्तूत दोष सापडल्याशिवाय ती घ्यायची नाही. ऐकणाऱ्याला वाटे, बाई चुकून उलटं बोलल्या. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. दोष नसलेली वस्तू नसतेच. तुम्हाला तो सापडला नाही म्हणजे तुम्ही नीट बघितलं नाही, आणि मग तो डोंगरावर सापडतो. सापडला आणि किरकोळ निघाला तर माल पास. आंबेवाल्यालाही त्या विचारत, "यातला वाईट कुठला ते दाखव." दाखवला तर घेत, "सगळे एक नंबर" म्हणाला तर पुढे जात. लग्न का केलं नाही असं आमच्यातल्या एका धीट मुलीने विचारलं, तेव्हाही हेच निघालं. बघायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं होतं, तुमच्यात खोट काय आहे. सगळे म्हणाले, काही नाही.

"एक म्हणाला, मी घोरतो आणि मला राग लवकर येतो. तो मला पसंत होता."

"मग?"

"मग त्याच्या आईने माझ्यातली खोट काढली."

एवढं सांगून त्या बुटाची नाडी बांधायला लागल्या. आम्ही त्यावरही हसलो होतो.

हिवाळ्यात तिबेटी लोक येऊन मैदानाच्या कडेला स्वेटरांचे स्टॉल मांडत. त्यातली एक म्हातारी बाईंच्या ओळखीची होती. परदेशात पाठवण्यासाठी शिवलेली पण तिथल्या तपासणीत नापास झालेली जॅकेटं तिच्या गाठोड्याच्या तळाशी असत. माझं जॅकेट तिथेच मिळालं. शेवाळी रंगाचं, बायकांच्या मापाचं, कमरेखाली मोकळं, पाठीमागे लांब, काखेत हवा जायला चेन. आतून प्रत्येक शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली. सुईने कापडाला भोकं पडतातच आणि पाणी तिथूनच येतं, तेव्हा ही पट्टी म्हणजे टरफलाचा जीव, असं बाई सांगत.

"दीदी, एकदम बाहर का माल," म्हातारी म्हणाली. "लेडीज का ही है."

"रिजेक्ट क्यूँ हुआ?"

"वो कंपनीवाले को पूछो. मेरे को क्या मालूम."

बाईंनी ते तीन दिवसांसाठी घरी नेलं, आणि म्हातारीने नेऊही दिलं. चौथ्या दिवशी त्या सायकलवरून आमच्या दारात आल्या. "सापडलं. डावी बाही अर्धा इंच आखूड आहे." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर एरवी कधी बघितला नाही. "घे. दहा वर्षं मरण नाही याला." पैसे आईने दिले, बाबांना न विचारता.

घेतलं की परीक्षा. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला बाई दोन खोल्यांत एकट्या राहत, वर गच्ची होती. मुलीने टरफल घालून, पाठीवर विटा भरलेली सॅक घेऊन एका मोठ्या घमेल्यात उभं राहायचं. आत खांद्यांवर, मानेमागे, कोपरांवर आणि कमरेला टीपकागदाचे तुकडे. बाई झारीने तासभर पाणी घालत. घमेल्यातलं पाणी पुन्हा झारीत, आणि शेवटी उरलेलं कुंड्यांना. शेजारच्या गच्चीवरचे आजोबा विचारत, "आज कुणाची अंघोळ?" तासाने टीपकागद बाहेर काढायचे. कागद ओला तर टरफल नापास, आणि टरफल नापास तर मुलगी पावसाळाभर घरी. त्यात दयामाया नव्हती. एका मुलीने रडून गोंधळ घातला, तिला बाईंनी पोहे करून खाऊ घातले, डोळे पुसले आणि घरी पाठवलं.

घामाची परीक्षा मे महिन्यात. पांडवलेण्यांच्या पायऱ्या भर उन्हात चार वेळा चढायच्या, टरफल गळ्यापर्यंत बंद करून. लेणी बघायला आलेली माणसं लेणी सोडून आम्हाला बघत. वर पोचलं की बाई पाठीत हात घालून चाचपत. "पाऊस बाहेरून भिजवतो, घाम आतून. थंडीला दोन्ही सारखेच."

माझं शेवाळी टरफल दोन्ही परीक्षांत पास झालं. बाईंनी मला एक कागद लिहून दिला. पावडर नाही, ब्रश नाही, पिळायचं नाही, उन्हात नाही, इस्त्री तर मुळीच नाही. साध्या पाण्यात बुडवून सावलीत टांगायचं. "घरात सगळ्यांना वाचून दाखव," त्या म्हणाल्या. मी तो कागद वहीत ठेवला. वाचून कुणालाच दाखवला नाही.

त्या वर्षी मला हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिराला जायचं होतं. महिनाभर बर्फात शिकायला मिळणार होतं, आणि मला तेव्हा त्याखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. अर्जासोबत ग्रुपच्या प्रमुखाचं पत्र लागे. बाई ते पत्र भर पावसात साल्हेरचा किल्ला चढून आलेल्या मुलीलाच देत. ऑगस्टमध्ये साल्हेर, महिनाअखेरीस अर्ज. घरी स्थळं यायला लागली होती आणि बाबांनी सरळ सांगितलं होतं, "यंदा झालं तर झालं. पुढच्या वर्षी तुझ्या सासरी विचार." म्हणजे मला पुढचं वर्ष नव्हतंच. हे बाईंनाही माहीत होतं, कारण बाबांना तयार करायला त्याच दोनदा घरी येऊन गेल्या होत्या.

साल्हेरच्या दोन दिवस आधी मी कॉलेजातून घरी आले तर आई दारातच हसत उभी. जॅकेटला कुबट वास येत होता म्हणून तिने ते गरम पाण्यात पावडर घालून भिजवलं होतं, दगडावर ब्रशने घासलं होतं, आणि एवढ्या लांब जाणार तर चुरगळलेलं कसं न्यायचं म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कडक इस्त्री करून आणलं होतं. बाह्यांना शर्टासारखी धारदार घडी पडली होती.

"बघ, नव्यासारखं झालं की नाही?"

मी ते उलटं केलं. आतल्या पट्ट्या आचेने सुटून गोळा झाल्या होत्या. खांद्यावरची तर हातातच आली. "छान झालं," मी म्हटलं. आईला काय बोलणार होते? तिने जीव ओतून केलं होतं, आणि कागद माझ्या वहीत होता.

बाईंना सांगायचं म्हणजे साल्हेर गेलं, पत्र गेलं, बर्फ गेला. संध्याकाळी मी पंक्चरवाल्याकडून सोल्युशनची ट्यूब आणली, पट्ट्या एकेक करून परत चिकटवल्या आणि वरून मेणबत्ती घासली. खोलीभर सोल्युशनचा वास सुटला. तो जाईना म्हणून मी आतून सगळीकडे टाल्कम पावडर लावली. पाणी घालून बघायचं धाडस मला झालं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी सीबीएसच्या एसटी स्टँडवर आम्ही पाच मुली आणि बाई. बाईंनी प्रत्येकीला विचारलं तसं मलाही विचारलं, "धुतल्यावर पाणी घालून बघितलंस?"

"हो बाई. कोरडं आहे."

हे ते खोटं. निघण्याआधी त्या सगळ्यांची टरफलं स्वतः उलटी करून बघत. माझं त्यांनी घेतलं, उलटं केलं, खांद्याच्या शिवणीवर अंगठा ठेवला आणि तो तिथेच ठेवून माझ्याकडे बघितलं. सटाण्याची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. बाईंनी जॅकेटची घडी घालून माझ्या हातात दिली. "चल, जागा पकड." सुटले, असं मला वाटलं. सटाण्यापर्यंत मी सगळ्यांत मोठ्याने गाणी म्हटली.

पायथ्याच्या गावात एक म्हातारा ओसरीवरून म्हणाला, "माय, वर भलता वारा शे. आज ऱ्हाऊ द्या." ढग अर्ध्या डोंगरापर्यंत उतरले होते. बाई बराच वेळ वर बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला, मला एकटीलाच, विचारलं, "जायचं?" असं त्या कधी विचारत नसत, त्या ठरवत आणि आम्ही चालत. मी म्हटलं, जायचं.

वरच्या सपाटीवर पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. तिथून वारा आडवा यायला लागला आणि पाऊस खालून वर. सॅकच्या पट्ट्याखाली खांद्याला एक गार रेघ जाणवली. मग दुसरी, पाठीवर. माथ्यावर पोचलो तेव्हा आतला स्वेटर ओला होऊन जड झाला होता आणि दात वाजत होते. मी काही बोलले नाही. उतरायला लागलो तेव्हा दात वाजायचे थांबले, आणि मला वाटलं, चला, बरं वाटतंय. कातळातल्या गुहेशी बाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि माझ्यासमोर आल्या.

"अंगठा करंगळीला लाव."

लागेना. गारठा फार आत गेला की बोटं ऐकत नाहीत, ते त्या असं बघत. मला त्याचं हसू आलं. बाईंनी माझी चेन ओढली, जॅकेट आणि ओला स्वेटर माझ्या अंगातून काढला, स्वतःच्या सॅकमधला कोरडा स्वेटर मला घातला आणि त्यावर स्वतःचं निळं टरफल. ते त्यांचं बारा वर्षांचं टरफल होतं, कोपरांवर ठिगळं लावलेलं, आणि त्यातून थेंब येत नसे. माझं शेवाळी त्यांनी घातलं.

"बाई, ते नका घालू..."

"चालायचं. बसायचं नाही, बोलायचं नाही."

बाकीच्या चौघींना त्यांनी पुढे घातलं आणि त्या माझ्या मागे राहिल्या. मी दर दहा पावलांना अडखळत होते, त्यामुळे उतरायला दुप्पट वेळ लागला. बाई तेवढा वेळ माझ्या पावलांनी चालल्या. एकट्या असत्या तर भराभर उतरून अंग गरम ठेवलं असतं, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याच म्हाताऱ्याच्या घरात आम्हाला चुलीपुढे बसवलं. मला हळूहळू कळायला लागलं, बोटं हलायला लागली. बाईंना मात्र कप धरता येईना. म्हाताऱ्याची सून म्हणाली, "माय कशी कापी ऱ्हायनी, पाहा तरी." सकाळपर्यंत त्यांना ताप भरला होता. आधी सटाण्याला दवाखान्यात, तिथून नाशिकला. न्यूमोनिया. एक फुफ्फुस त्यानंतर नीट झालंच नाही. जिना चढतानाही त्या मध्ये थांबायला लागल्या.

पत्र त्यांनी दवाखान्याच्या खाटेवरून लिहिलं. बाबा त्यांना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलीचं काही चुकलं नाही. माझंच वय झालं." बाबा घरी येऊन म्हणाले, "देवमाणूस आहे. जा तू." मी गेले. बाईंचं निळं टरफल घालूनच गेले, कारण ते त्यांनी परत घेतलं नाही. महिनाभराने आले, सगळ्यांनी कौतुक केलं, पेपरात चार ओळी आल्या. मी कुणाला काही सांगितलं नाही. आधी आई दुखावेल म्हणून सांगितलं नाही, मग बाबा चिडतील म्हणून, आणि मग उशीर झाला म्हणून.

बाईंनी ग्रुप बंद केला. तब्येतीमुळे, असं सगळे म्हणाले आणि मीही म्हणाले. मुली त्यांच्याकडे गेल्या होत्या. तुम्ही चढू नका, नुसती जॅकेटं तपासून द्या, गच्चीवर खुर्ची टाकून बसा, म्हणाल्या. बाई नाही म्हणाल्या. कंपनीतही त्यांनी मालतपासणी सोडली आणि स्टोअरला बदली मागून घेतली. हे मला चमत्कारिक वाटलं होतं, पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही काही सांगावं लागलं असतं.

माझं लग्न नाशकातच झालं, सिडकोत. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन मी बाईंकडे जात असे. दर वर्षी ठरवून जायचे की आज सांगायचं, आणि दर वर्षी डबा ठेवून परत यायचे. बाईंची आणखी एक गोष्ट मला तिथे बघवत नसे. त्या आता वस्तू उलट्या करून बघत नसत. साडी दिली, "छान आहे," म्हणून बाजूला ठेवली. शाल दिली, "छान आहे." मी मुद्दाम एकदा शिवण उसवलेली उशीची खोळ दिली. तीही छान होती.

अशी अकरा वर्षं गेली. कॉलेज रोडला तोवर मोठी दुकानं झाली होती. एका दुकानात खास बायकांच्या मापाची टरफलं ओळीने टांगलेली मी बघितली. पाठीमागे लांब, खांदे बायकांचे, टोपीला दोऱ्या, आतून पट्ट्या. मी एकेक उलटं करून बघायला लागले. दुकानातली मुलगी जवळ आली. "मॅडम, ब्रँडेड आहे, कशातच डिफेक्ट नाही." मला एकदम भडभडून आलं. दुकानात रडायला नको म्हणून बाहेर पडले, आणि रिक्षा करून सरळ बाईंकडे गेले.

त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मी बसायच्या आधीच बोलायला लागले. आई, इस्त्री, सोल्युशन, मेणबत्ती, स्टँडवरचं खोटं, सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी मध्ये तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कधी कळलं?"

"स्टँडवर." दर तीन-चार शब्दांनी त्या दम घ्यायला थांबत. "रबराच्या कंपनीत जन्म गेला माझा. पावडर लावून तो वास जातो होय?"

"मग मला नेलंत का? घरी का नाही पाठवलंत?"

"तुझे बाबा पुढच्या वर्षी सोडणार नव्हते." त्यांनी खुर्चीचा हात धरून श्वास गोळा केला. "इतक्या जणींना घरी पाठवलं. वाटलं, एकीला जाऊ दे. पाऊस कमी असेल. निभेल."

"पण खोटं मी बोलले बाई. चूक माझी होती."

"करणारा चुकतोच गं. म्हणून तर तपासणारा ठेवतात." त्यांना धाप लागली. "माझ्या हातात दोष सापडला होता. मोठा. आणि मी पास केलं. तू मेली असतीस वर. त्यानंतर कुणाचं काही तपासायला मला तोंडच नव्हतं."

मी माफी मागायला गेले होते. त्या रागावतील, चार शब्द ऐकून घेऊ, रडू, आणि हलकं होऊन घरी येऊ, असं माझ्या मनात होतं. पण माफ करायला त्यांच्याकडे माझं काही शिल्लकच नव्हतं. सगळं त्यांनी त्याच दिवशी स्वतःवर घेतलं होतं आणि त्यापायी डोंगर सोडला, मुली सोडल्या, कंपनीतलं काम सोडलं. मी दवाखान्यात पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर दोघींनी मिळून ते निम्मं निम्मं उचललं असतं. मी त्यांना अकरा वर्षं एकटीला उचलायला लावलं, आणि वर फराळाचे डबे नेले.

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवून समोर बसवलं. बाई स्वतः कधी हिमालयात गेल्या नव्हत्या. त्यांच्या तरुणपणी घरून सोडलं नाही, आणि नंतर नोकरी होती, मग आम्ही होतो. सहा महिन्यांनी त्या वारल्या. पण त्या दिवशी त्यांनी पदराने तोंड पुसलं, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "ते जाऊ दे. बर्फ कसा असतो ते सांग. तू कधी सांगितलंच नाहीस."

मी अकरा वर्षं त्या शिबिराचं नाव काढलं नव्हतं. कुणी विचारलं तरी विषय बदलायचे, फोटो कपाटाच्या वर टाकले होते. आता बाई हातांची घडी घालून ऐकायला बसल्या होत्या, आणि मला फारसं काही आठवत नव्हतं. फार थंडी होती, पहाटे निघायचो, पांढरं होतं सगळं, असलं काहीतरी मी बोलत राहिले.